कुणाला चहा हवा असेल तर

"कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर झाकून ठेवलाय."

खैरनार वहिनी हे वाक्य स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणायच्या. बाहेरच्या खोलीत त्या वेळी आम्ही दोघेच असायचो, खैरनार सर आणि मी. माझा कप मला आधीच हातात मिळालेला असायचा. सर निमूटपणे उठायचे, आत जाऊन आपला कप घेऊन यायचे आणि परत खुर्चीत बसायचे. कपावर बशी घालायला वहिनी कधी विसरल्या नाहीत. फक्त त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या.

हा अबोला माझ्यामुळे सुरू झाला असं मी बरीच वर्षं धरून चाललो आहे. सरांना ते मान्य नव्हतं. "तुम्ही सगळी चूक स्वतःकडे ओढता, सेक्रेटरी," ते म्हणायचे. "थोडी मला ठेवा."

मी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दुसरं कुणी तयार होत नव्हतं म्हणून झालो आणि मग सुटलोच नाही. सर माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एक नवी भाषा बनवायला घेतली. म्हणजे अक्षरशः बनवायला, शून्यापासून. लोक निवृत्तीनंतर बाग करतात, शेअर बाजारात पडतात, ट्रेकला जातात. सर सकाळी आंघोळ करून भाषा करायला बसायचे.

"कशासाठी, सर?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"मी सटाण्याकडचा. घरी अहिराणी. नाशकात शिकायला आलो तेव्हा वर्गात तोंड उघडलं की पोरं हसायची. मग मराठी शिकलो, इंग्रजी शिकलो. दोन्हींत मी आजही परीक्षेला बसल्यासारखा बोलतो. म्हटलं, एक अशी करावी की जिच्यात कुणाला मला हसता येणार नाही."

"पण ती बोलणार कुणाशी?"

"तो पुढचा प्रश्न," ते म्हणाले. "पण बरोबर आहे."

भाषेला त्यांनी नाव दिलं नव्हतं. त्यांचा एक नियम होता. तिसरा माणूस बोलायला लागेपर्यंत नाव ठेवायचं नाही. दोघांचं बोलणं ही कुजबुज, तिघांचं झालं की भाषा. याला त्यांच्याकडे कारण होतं. घरात दोघंच असतील आणि दूध उतू गेलं, तर कुणाच्या हातून गेलं हे दोघांनाही ठाऊक असतं. तिथे 'कुणीतरी' हा शब्दच लागत नाही. तो लागतो तिसरा माणूस आल्यावर. आणि सरांची भाषा नेमकी 'कुणीतरी'पाशी येऊन अडली होती.

बाकीचं पटापट झालं होतं. मी म्हणजे 'मो'. तू, तुम्ही, आपण, थोर, लहान सगळ्यांना एकच 'सि'. पाणी, भाकरी, जाणं, येणं, सगळ्याला शब्द होते. पण ज्याचं नाव घेता येत नाही किंवा घ्यायचं नाही, अशा माणसासाठी काय शब्द करायचा, यावर त्यांचे महिनेच्या महिने गेले. भिंतीवर त्यांनी एक मोठा तक्ता लावला होता. जुन्या कॅलेंडरची पाठ, पेन्सिलीने आखलेली घरं. ज्या घरांत शब्द बसला नव्हता ती रिकामी. रसायनशास्त्रवाल्यांना रिकाम्या घरांची भीती वाटत नाही. मूलद्रव्य आहे, अजून सापडलेलं नाही, एवढंच ते समजतात.

माझ्या आठवणीप्रमाणे त्या तक्त्यात असं होतं: 'हेल' म्हणजे कुणीतरी, मला माहीत आहे कोण ते, पण सांगणार नाही. 'हेर' म्हणजे कुणीतरी, मला माहीत नाही, पण शोधलं तर सापडेल. 'हेम' म्हणजे कुणीही, कोण ते महत्त्वाचं नाही. आणि 'लू', म्हणजे आपण "माणसानं वेळेवर जेवावं" म्हणतो त्यातला माणूस.

सरांची पद्धत अशी की शब्द केला की तो लगेच तक्त्यात लिहायचा नाही. आधी आठवडाभर तो घेऊन फिरायचं. भाजी घेताना, बँकेत, रिक्षात बसून, दिसेल त्या माणसावर तो मनातल्या मनात लावून बघायचा. मला बरोबर घेऊन निघाले की दर दोन मिनिटांनी थांबायचे. एकदा एका अपार्टमेंटच्या फाटकावर 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी होती. सर वॉचमनपाशी गेले.

"भाऊ, ही पाटी कुणाला सांगते?"

वॉचमनने आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमची गाडी हाय का?"

"नाही. पण पाटी आहे कुणासाठी?"

"मंग तुमच्यासाठी नाय. जावा पुढं."

सर रस्ताभर खूश होते. "बघा, किती स्वच्छ उत्तर! त्याच्या डोक्यात लू नाही. सरळ सि आहे, फक्त अजून आलेला नाही."

सोसायटीच्या सभेतही त्यांनी हे केलं. पाण्याची मोटर रात्रभर चालू राहिली होती. मी उभा राहून म्हटलं, "कुणीतरी मोटर बंद करायला विसरलं, पुन्हा असं होऊ नये." सर मागून हात वर करून उभे राहिले. "सेक्रेटरी, हा कुठला कुणीतरी? तुम्हाला माहीत असलेला की नसलेला?" सभेत हशा पिकला. तळमजल्यावरचे जोशी हसता हसता लाल झाले, आणि मला माहीत होतं की मोटर त्यांनीच चालू ठेवली होती. माझा कुणीतरी 'हेल' होता. सरांना ते कळलं. ते खाली बसले आणि परत त्या विषयावर बोलले नाहीत.

आता हा अबोला ज्या विणकामाच्या मागावरून झाला, त्या मागाचं सांगतो.

सरांची पहिली नोकरी येवल्याला होती. तिथे ते ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायचे, त्यांच्याकडे खाली पैठणीचा माग चालायचा. घरमालकाची मुलगी म्हणजे आमच्या वहिनी, लीला. दिवसभर माग चालायचा आणि त्या ठेक्यावर सर वर पेपर तपासायचे. पुढे लग्न झालं, नाशिकला आले. वडील गेल्यावर येवल्याचं घर विकलं गेलं तेव्हा वहिनींनी तिथून एकच गोष्ट आणली, वडिलांचा माग. सुटा करून, खांब आणि आडवी लाकडं दोरीने बांधून, फणी आणि धोटे जुन्या लुगड्यात गुंडाळून. फ्लॅटमध्ये जागा कुठली? गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, प्लास्टिकखाली ठेवला. पुढेमागे गॅलरी बंद करून घेऊ आणि तिथे लावू, असं त्या म्हणायच्या. वर्षानुवर्षं म्हणत होत्या. त्यामुळेच बहुधा ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

गच्ची गळायला लागली. कंत्राटदार म्हणाला, गच्ची मोकळी करून द्या. मी नोटीस लिहिली. 'गच्चीवरील सर्व सामान रविवारपर्यंत हटविण्यात यावे, अन्यथा त्याची विल्हेवाट लावण्यात येईल.' मी इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी केलेला माणूस. मला असंच लिहिता येतं. विल्हेवाट कोण लावणार, मी की कंत्राटदार, याचा मी विचार केला नव्हता. आणि वहिनी त्या वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरी जाऊन सरांना आठवण करून देण्याइतकाही जीव मी त्यात घातला नाही.

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला. सगळेच मोडक्या खुर्च्या, पत्रे, कुंड्या आणून टाकत होते. सर वर गेले, दोरीने बांधलेली लाकडं उतरवली आणि टेम्पोत ठेवू दिली. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात 'हेम' चालला होता. मी जिन्यात उभा होतो. ती लाकडं माझ्यासमोरून गेली. लुगड्याचा काठ बाहेर लोंबत होता, तो मी पाहिला. 'सर, हे काय आहे?' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

वहिनी पुण्याहून आल्या त्या दिवशी मी वरच होतो, देखभालीची पावती द्यायला गेलेलो. त्या गच्चीवर चक्कर मारून खाली आल्या.

"अहो, माग कुठंय?"

सरांनी चष्मा काढला. "लाकडं ना? ती... दिली. गच्ची मोकळी करायची होती."

"कुणाला दिली?"

"कुणालातरी. टेम्पोवाला होता एक."

वहिनींनी "कुणालातरी?" एवढंच विचारलं आणि आत गेल्या. आवाज चढला नव्हता. नवऱ्याशी त्या मराठीत सरळ बोलल्या तो हा शेवटचा शब्द.

मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. वहिनींनी मला चिवडा दिला, चहा दिला. "नोटीस सगळ्यांना होती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही खा." त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी वर जायला लागलो. घरात बोलायला माणूस नाही म्हणून सरांशी बोलावं, हा हेतू. पण बोलायचं काय? मग मी म्हटलं, "सर, मला तुमची भाषा शिकवा." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी अपराधी वाटून शिकतोय हे त्यांना समजलं होतं, पण त्यांनी विद्यार्थी परत पाठवला नाही.

शिकवताना ते वर्गातल्यासारखे खणखणीत बोलायचे. शब्द म्हणायचे, मी म्हणायचो, चुकायचो, ते पुन्हा म्हणायचे. आत वहिनी कूकर लावायच्या, मेथी निवडायच्या. अधूनमधून त्यांचं भिंतीकडे बघून बोलणं चालू असायचं. "कुणाच्या गोळ्या संपल्यात, बघून घ्यावं." "माणसानं बाहेर जाताना किल्ली न्यावी."

एका संध्याकाळी असंच "कुणाला चहा हवा असेल तर" झालं. सर उठता उठता थांबले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"सेक्रेटरी! हा हेल नाही, हेर नाही, हेमसुद्धा नाही!"

"मग काय आहे?"

"हा समोर बसलेला कुणीतरी! बोलणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत, तिसऱ्यालाही माहीत, आणि तरी कुणीतरी! आपल्याकडे घराघरात अबोला धरतात, आणि हे घर माझ्या तक्त्यात नाहीच!" त्यांनी पेन्सिल घेतली आणि आठवडाभर थांबायचा नियम मोडून तिथल्या तिथे नवं घर आखलं. 'हेसि'.

स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. "कुणाला लाजसुद्धा वाटत नाही," वहिनी म्हणाल्या.

"हेसि," सर मला कुजबुजत म्हणाले. "बघा, परत."

मला हसू आलं, आणि हसल्याचं वाईटही वाटलं. सर मात्र कप आणायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी डोकावलो तर ते ओट्याला टेकून उभे होते आणि वहिनी पाठ करून पोळी लाटत होत्या. "मनी चूक शे," ते अहिराणीत म्हणत होते. माझी चूक आहे. हे त्यांच्या आईच्या भाषेतलं बोलणं मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. वहिनींचं लाटणं थांबलं नाही.

दर आठवड्याला सर अंबडच्या भंगार बाजारात जायचे. हे मला उशिरा कळलं. कळल्यावर मीही जायला लागलो. पत्र्यांच्या शेडमधून ते दुकानामागून दुकान विचारत फिरायचे. लाकूड जळणात गेलं असेल, हे पहिल्याच दुकानदाराने सांगितलं होतं. "काका, लाकूड इथं थांबत नाय. आलं की गेलं." तरी सर जायचे. त्यांचं म्हणणं, टेम्पोवाला 'हेर' आहे, म्हणजे शोधल्यास सापडणारा. "त्याला 'हेम' मी केलं," ते म्हणायचे.

टेम्पोवाला सापडला नाही. पण एका दुकानात, पितळी नळांच्या ढिगाखाली, एक धोटा सापडला. काळपट, गुळगुळीत, आडव्या धाग्याची कांडी घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा. "येवल्याकडनं माल येतो कधीकधी," दुकानदार म्हणाला.

रिक्षात सरांनी तो मांडीवर धरला होता. मी म्हणालो, "सर, वहिनींना सांगा, तुमच्या सासऱ्यांचाच आहे म्हणून. कुठं कळणार आहे? सुटेल सगळं."

मी हे खरंच म्हणालो. त्या घरातला अबोला मला सहन होत नव्हता.

सरांनी धोटा मांडीवर उलटा करून पाहिला. "सुटेल," ते म्हणाले. "पण तुमच्या मनात अडकलंय तेवढंच. तिचं नाही सुटणार."

घरी पोचलो. वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. सरांनी धोटा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी हात पुसले, तो उचलला, अंगठा त्याच्या पोटावरून फिरवला, टोक पाहिलं. सरांना मराठीत काही बोलता येईना, बोलले असते तरी उत्तर येणार नव्हतं. ते आपल्या भाषेत बोलले, जसे रोज माझ्याशी बोलायचे तसे. हा तुझ्या वडिलांचा नाही, हेरचा आहे. कुणातरी विणकराचा. मला माहीत नाही कोण.

वहिनींनी मान वर केली.

"सि हेर तोरा," त्या म्हणाल्या. तू हे त्याला परत दे.

उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ होता. इतके महिने मेथी निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ठेवून दिलं होतं. चाळीस वर्षांत ज्यांनी नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती त्या त्यांच्याकडे सरळ बघत 'सि' म्हणत होत्या. सर मटकन खाली बसले, शेंगांच्या टरफलांवरच. मी चपला घालून निघालो. त्या वेळी तिथे थांबायचं नसतं एवढं मला समजतं.

दुसऱ्या दिवशी दोघं सीबीएसच्या एसटी स्टँडवरून येवल्याच्या गाडीत बसले. विंचूरच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरमागे गाडी रखडली आणि तेवढ्या वेळात वहिनींनी सरांच्या चार शब्दांच्या चुका काढल्या, असं सरांनी मला अभिमानाने सांगितलं. येवल्यात त्या धोट्याचा धनी सापडला नाही. पण गल्लोगल्ली विचारत फिरताना एका दारात जैनुद्दीनभाई म्हणून म्हातारे विणकर भेटले. त्यांनी धोटा हातात घेऊन तोलला. "ये हमारा नहीं, भाभी. पण सरळ जातो का बघा तरी. बसा." वहिनी त्यांच्या मागावर बसल्या. दोन-तीनदा धोटा टाकला. मग संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात फ्लॅट भाड्याने देऊन दोघं येवल्याला राहायला गेले. जायच्या दिवशी भिंतीवरचा तक्ता सरांनी स्वतः काढला. "तिसरा माणूस झाला, सर," मी म्हणालो. "आता नाव ठेवा."

"ते काम तिच्याकडे दिलंय," सर म्हणाले. "तिला घाई नाही."

मी गेल्या दिवाळीनंतर एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. त्यानंतर पुन्हा जाणं झालेलं नाही. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत जुना विकत घेतलेला माग, त्यावर मोरपंखी पोत. धोटा तोच होता. धनी आला की द्यायचा, तोवर वापरायचा, असं जैनुद्दीनभाईंनी ठरवून दिलं होतं. वहिनी विणत होत्या. सर जमिनीवर बसून कांडीवर रेशीम भरत होते आणि त्यांच्या बोटांना ते जमत नव्हतं.

"तुमचा अबोला सुटला म्हणायचा," मी वहिनींना म्हणालो.

"छे," वहिनी म्हणाल्या. "मराठीत बोलणार नाही म्हणजे नाही. तुम्ही चहा घेणार ना, भाऊजी?"

मग मागावरची नजर न काढता त्यांनी एक शब्द टाकला. लहानसा, दोन अक्षरांचा. सर लगेच उठले, रेशीम बाजूला ठेवलं, आत गेले आणि भरलेल्या कांड्यांची टोपली आणून त्यांच्या उजव्या हाताला ठेवली.

तो शब्द मला माहीत नव्हता. तक्त्यात नव्हता, मला कधी शिकवलेला नव्हता.

"सर, हा कुठला?"

"हा तिचा आहे," सर म्हणाले आणि पुन्हा जमिनीवर बसून रेशमाचं टोक शोधू लागले. "असे बरेच झालेत. मीसुद्धा शिकतोय अजून."